हात केला की गाडी थांबते

चार वर्षांच्या मुलाला प्रवास म्हणजे काय ते शिकवायचं असेल, तर आधी त्याला खुर्चीतून उठवावं. हे माझं मत आहे आणि सव्वीस वर्षं ते मी कुणालाही न विचारता राबवत आले आहे. भिंतीवरचे तक्ते आणि वाहनांची चित्रं पालकांना दाखवायला असतात. मुलाला वळण कळतं ते वळताना धडपडल्यावर. हळू म्हणजे काय ते भरलेला पेला हातात घेऊन चालल्यावर कळतं, आणि जोरात म्हणजे काय ते त्याला कुणी शिकवावंच लागत नाही.

आमच्या बालवर्गाच्या दोन खोल्या, पुढे छोटं अंगण, त्याला फाटक आणि फाटकाबाहेर लगेच रस्ता. दर सोमवारी मी मोठ्या खोलीच्या काळ्या फरशीवर खडूनं रस्ते आखते: एक चौक, दोन वळणं, एक पूल आणि कडेला फूटपाथ. कागदी ताटली हातात धरली की मूल म्हणजे गाडी. कोपऱ्यात एक जुनी सुटकेस असते. गावाला जाताना काय न्यायचं ते प्रत्येकानं एकेक करून तिच्यात ठेवायचं. एकानं डस्टर ठेवलं. एकानं स्वतःच्या पायातला एक बूट ठेवला आणि दिवसभर लंगडत फिरला. एक मुलगी स्वतःच आत जाऊन बसली, आणि मदतनीस मावशींना तिला बाहेर काढताना नाकी नऊ आले. मावशी माझ्याआधी दोन वर्षं इथे लागल्या आहेत आणि आठवड्यातून एकदा तरी त्या ते ऐकवतात.

त्या सोमवारी बटणला येऊन पाच दिवस झाले होते. बटण म्हणजे पुढच्या गल्लीत पडदे आणि उशांचे अभ्रे शिवणाऱ्या शिलाईताईची मुलगी. गोल चेहरा, दोन टपोरे डोळे, म्हणून आईनंच ते नाव ठेवलेलं. खरं तर मी तिला घेणारच नव्हते. वर्ग भरला म्हणून सांगा, असं मी मावशींना म्हटलं होतं. "अकरा पोरांत वर्ग भरतो होय?" असं म्हणून मावशींनी स्वतःच तिचं नाव घातलं. मी का टाळत होते ते मावशींना ठाऊक नव्हतं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

अकरा गाड्या घूं घूं करत खडूच्या रस्त्यावरून फिरत होत्या. बटण ताटली खाली ठेवून चौकाच्या मधोमध गेली. तिनं हनुवटी वर केली, डावा हात पाठीमागे नेला आणि उजवा हात पंजा पुढे करून उंच धरला.

सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. आवाजसुद्धा थांबला.

माझ्या हातातला खडू खाली पडला. तो डावा हात पाठीमागे ठेवायची कल्पना माझी होती. मोकळ्या हातानं मुलं एकमेकांना ढकलतात, म्हणून मीच ती काढली होती. जगात दुसरा कुठलाही वाहतूक पोलीस तसा उभा राहत नसेल. तो खेळ मी सहा वर्षांपूर्वी बंद केला होता आणि पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही म्हणून कानाला खडा लावला होता. समोर उभी असलेली मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण पुलावरची एक गाडी रडायला लागली.

"कुणी नाही," बटण म्हणाली. हात अजून वरच होता. "तसंच असतं, बाई. हात केला की गाड्या थांबतात."

"आणि नाही थांबली तर?"

"मग ती बाद," सगळे एका सुरात म्हणाले. ते शब्दही माझेच होते.

मावशी दारात उभ्या राहून हसत होत्या. "विसरलात काय बाई? तुमचाच तर खेळ. गल्लीगल्लीत खेळतात पोरं. माझा नातूही खेळतो."

आता ते सांगायलाच हवं.

सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगा होता. त्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण तो चालताना, जेवताना, अगदी झोपेतही हॉर्न वाजवायचा. पण पोलीस व्हायची पाळी आली की हाच भोंगा एकदम गप्प आणि गंभीर व्हायचा. पोलिसासाठी मी एक पांढरा हातमोजा शिवून घेतला होता. शिवला होता त्याच्या आईनं, शिलाईताईनं. तेव्हा ती येता-जाता सगळ्यांची थट्टा करायची. "बाई, एकच मोजा? दुसऱ्या हाताला थंडी वाजेल की," असं म्हणत तिनं मापासाठी भोंग्याचाच पंजा कापडावर ठेवून पेन्सिलीनं आखून घेतला होता.

एके दिवशी शाळा सुटताना मी फाटकाशी उभी होते. एका पालकाला डब्याचं झाकण हरवल्याबद्दल माझ्याशी भांडायचं होतं, आणि भांडण आलं की मी मागे हटत नाही. मी झाकणावरून तोंड वाजवत होते तेव्हा भोंगा माझ्या मागून बाहेर गेला. समोरच्या फूटपाथवर दोरे-लेसांचं दुकान आहे. त्याची आई तिथे पाठमोरी उभी होती. पाण्याच्या बाटल्यांचा एक टेम्पो वळणावरून येत होता.

आवाज ऐकून मी वळले. सगळ्यांत जवळ मीच होते, म्हणून सगळ्यांत आधी मीच पोचले. तो रस्त्याच्या मधोमध होता आणि त्याच्या उजव्या हातात तो पांढरा मोजा होता. कपाटातून कधी घेतला कुणास ठाऊक. मी त्याच्याजवळ गुडघ्यावर बसले आणि पहिली गोष्ट काय केली असेल? मी तो मोजा काढून माझ्या खिशात घातला. डोक्यानं विचार केला नव्हता, हातानं केला. पण तो हात माझाच होता.

टेम्पोवाला नंतर रडत सगळ्यांना सांगत होता, "पोरानं हात वर केला हो. काहीतरी पांढरं होतं हातात. मला वाटलं, कुणाला हाक मारतोय, मारून मागे होईल." लोक म्हणाले, रुमाल असेल. त्याचा वेग जास्त नव्हता, दोषही निघाला नाही. मोज्याबद्दल कुणी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या झाकल्या मुठीत काय होतं ते मलाच ठाऊक.

महिन्याभरानं शिलाईताई माझ्याकडे आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, तो मला हाक मारत होता. टेम्पोवाला म्हणाला ना, हात वर केला म्हणून. आणि मी दोऱ्याचा रंग बघत होते. दोन निळ्या रंगांतला कुठला जुळतो ते बघत होते. मी वळले नाही."

तेव्हाच सांगायचं होतं. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "असं मनाला लावून घेऊ नका." इतकं गुळगुळीत वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही.

त्यानंतर तिला ती सवय लागली. मी रोज तिच्या दारावरून येते-जाते. शिलाईयंत्र चालू असतं आणि चालता चालता एकदम थांबतं. मग आतून आवाज येतो, "ओ!" जणू कुणी हाक मारली आहे. कुणी मारलेली नसते. क्षणभरानं यंत्र पुन्हा सुरू होतं. गल्लीतले लोक सुरुवातीला दचकायचे, मग हसायचे, मग त्यांना सवय झाली. मला मात्र झाली नाही. चोराच्या मनात चांदणं. प्रत्येक "ओ" मला माझ्यासाठीच वाटायची. सहा वर्षांत मी दोनदा घर बदलायचा विचार केला आणि दोन्ही वेळा भाडं परवडत नाही असं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मी गेले असते तर ती "ओ" ऐकायला कुणी उरलं नसतं, आणि तेवढी शिक्षा तरी भोगावी असं मला वाटायचं. भोगत होती ती, आणि ऐकण्याला मी शिक्षा म्हणत होते!

त्या सोमवारी दुपारी मी गल्ल्यांमधून फिरले. मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत सात-आठ मुलं खेळत होती. मधे एक मुलगी डावा हात पाठीमागे घेऊन उभी. मी विचारलं तर म्हणाली, दादानं शिकवला. दादा अकरा वर्षांचा होता. तो भोंग्याच्या वर्गातला. मला बघून तो ओळखीचं हसला आणि म्हणाला, "बाई, आम्ही नियम नाही बदलला." त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी खेळ बंद केला म्हणजे काय केलं होतं? माझ्या खोलीचं दार लावलं होतं. खेळ केव्हाच बाहेर पडला होता. एका मुलाकडून दुसऱ्याकडे, एका गल्लीतून पुढच्या गल्लीत, कुणी बोट न धरता तो चालत राहिला, आणि सहा वर्षांनी भोंग्याच्याच बहिणीचा हात धरून माझ्या वर्गात परत आला.

तरीही मी गप्पच राहिले असते. मी स्वतःला चांगली ओळखते. मंगळवारी शाळा सुटताना मी फाटकाला कडी घालून त्याला पाठ लावून उभी होते. एकेका मुलाला ज्याच्या त्याच्या माणसाच्या हातात देत होते. मान वळवली तर बटणची आई समोरच्या फूटपाथवरून येताना दिसली म्हणून मी कडी काढली. तेवढ्यात बटण माझ्या काखेखालून निसटली. फूटपाथच्या कडेवरून तिनं खाली पाऊल टाकलं, हनुवटी वर, डावा हात पाठीमागे, उजवा हात उंच.

एक सायकलवाला येत होता. त्यानं ब्रेक दाबला आणि हसून तिला सलाम केला. मी मागून तिचा फ्रॉक धरून तिला ओढलं, तेव्हा फ्रॉकची शिवण टरकन उसवली.

"बघा बाई!" ती आनंदानं म्हणाली. "थांबला!"

सायकल थांबली होती. थांबली नसती तर बरं झालं असतं, असा विचार माझ्या मनात आला आणि त्या विचाराचीच मला भीती वाटली. पण खरं तेच होतं. आता तिला पक्कं ठाऊक झालं होतं की खेळ खरा आहे.

शिलाईताई रस्ता ओलांडून आली. तिनं उसवलेली शिवण पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "असू दे बाई. दोन टाक्यांचं काम आहे." तिनं मुलीचा वर गेलेला हात पाहिला नव्हता. मधे एक भाजीची गाडी आडवी आली होती.

मी घरी गेले. कपाटातल्या लोकरीच्या कपड्यांखालून मोजा काढला आणि त्याच पावली तिच्याकडे गेले. बसून विचार केला असता तर गेले नसते.

ती यंत्रावर होती. बटण खाली चिंध्यांच्या ढिगात बसून रिळांची गाडी करत होती. मी तिला बाहेरच्या पायरीवर बसवलं, दार अर्धं लोटलं आणि मोजा यंत्राच्या पाटावर ठेवला.

शिलाईताईनं तो उचलला. आधी उलटा केला. कपड्याची माणसं कपडा आधी आतून बघतात. अंगठ्यापाशी बोट फिरवून ती म्हणाली, "हा मी शिवलेला आहे. इथं कापड कमी पडलं होतं." मग ती थांबली. "हा इतकी वर्षं कुठं होता?"

मी सांगितलं. झाकणाचं भांडण सांगितलं, मोजा कुठे होता आणि मी तो कसा काढला ते सांगितलं. वर्गात मी काय शिकवत होते तेही सांगितलं. "तो तुम्हाला हाक मारत नव्हता," मी म्हणाले. "तो टेम्पो थांबवत होता. माझ्या वर्गात हात केला की गाडी थांबायची. नाही थांबली तर ती बाद व्हायची. त्याला वाटलं, खरी गाडीही थांबेल. असं त्याला मी शिकवलं होतं."

मोजा बोटांवर चढवायचा तिनं प्रयत्न केला. दोनच बोटं आत गेली. तिनं शिव्या द्याव्यात, कात्री फेकून मारावी, असं मला वाटत होतं. म्हणजे मला तरी सुटल्यासारखं झालं असतं. तिनं मला तेवढं दिलं नाही.

"मग त्यानं हाक मारलीच नव्हती," ती शेवटी म्हणाली.

"नव्हती."

"मी वळले असते तरी..."

"तरी तेच झालं असतं. त्याचं लक्ष तुमच्याकडे नव्हतंच. त्याचं लक्ष गाडीकडे होतं."

तिनं यंत्राच्या चाकावर तळवा ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, सहा वर्षं मी ओ देतेय. झोपेतून उठून देतेय. तुम्ही रोज दारावरून जाताना ऐकत होता ना?"

"ऐकत होते."

"ऐकत होता," ती म्हणाली, आणि त्या दोन शब्दांनी मला जे व्हायचं ते झालं. त्याहून मोठी शिवी कुणी मला दिलेली नाही आणि देऊही नये.

मग मी सायकलचं सांगितलं. फ्रॉक का उसवला ते सांगितलं. ती झटकन उठली, दार उघडलं आणि पायरीवर बसलेल्या बटणकडे नुसती बघत राहिली. बटण रिळांची गाडी पायरीवरून खाली सोडत होती.

"बंद करून काय होणार?" शिलाईताई म्हणाली. "एकदा बंद केलात तुम्ही. झाला का बंद? आता पुढचं शिकवा. जे शिकवायचं राहिलं ते शिकवा. आणि गाडी मी होणार."

"तुम्ही नको," मी म्हणाले. "मी होते गाडी."

"तुम्हाला बघून पोरं हसतील. आणि तुम्ही आयत्या वेळी थांबाल." ती मला ओळखत होती.

शनिवारी सकाळी मी खडूनं एकच सरळ रस्ता आखला. त्याला चौक नव्हता आणि पूलही नव्हता. गल्लीतल्या मोठ्या मुलांनाही बोलावलं होतं. तो अकरा वर्षांचा दादा भिंतीला टेकून उभा होता. त्याला मी आदल्या दिवशीच सगळं खरं सांगितलं होतं, आणि तो खाली मान घालून फरशीकडे बघत होता. बालवर्गाच्या मुलांना फूटपाथवर ओळीनं उभं केलं. मावशी दाराशी होत्या.

"आजचा नियम एकच," मी म्हणाले. "आज कुणी बाद नाही. आज गाडी थांबणार नाही. गाडीला हात दिसत नाही, गाडीला हाक ऐकू येत नाही. थांबायचं कुणी? आपण."

"पण हात केला की गाडी थांबते," बटण म्हणाली. तिला माझी कीव आली असावी. ती फूटपाथवरून उतरून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. हनुवटी वर, डावा हात पाठीमागे, उजवा हात उंच.

शिलाईताई खोलीच्या त्या टोकाला होती. तिनं कागदी ताटली छातीशी धरली आणि निघाली. आधी चालत, मग झपाझप, मग धावत. घूं घूं असा आवाज तिनं केला नाही. तिचे डोळे समोरच्या भिंतीवर होते. बटण हसत होती, कारण समोरून आई येत होती आणि आई तर थांबणारच.

"थांब!" बटण म्हणाली.

आई आली तशीच येत राहिली. मला वाटलं, थांबेल. थांबावं असंही वाटलं, आणि थांबू नये असंही. बटणचं हसू गेलं. हात अजून वर होता.

"आई!" ती ओरडली. "आई! ए आई!"

आईनं ओ दिली नाही.

अगदी शेवटच्या क्षणी बटणनं हात खाली टाकला आणि मागे उडी मारली. ती फूटपाथवर आपटली. आईच्या कपड्यांचा वारा तिच्या तोंडाला लागला आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. मी तिला उचलून घट्ट धरलं. मीही रडत होते, आणि मुलं बघताहेत याची मला लाज वाटली नाही.

शिलाईताई थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेली. तिथे ताटली भिंतीवर चुरगळली आणि तिनं कपाळ त्याच भिंतीला टेकवलं. तिच्या कमरेच्या खिशातून पांढऱ्या मोज्याचं एक बोट बाहेर डोकावत होतं.

"ओ," ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, अगदी हळू. "ओ, बाळा. आले."

मग ती वळली आणि बटणला माझ्याकडून घेतलं. फूटपाथवर मुलं तशीच ओळीनं उभी होती. कुणाचाही हात वर नव्हता.